मदत हवी आहे: नव्ह-शापेल गावाचा १९१४ पूर्वीचा नकाशा कसा जुळवावा?

उत्तर फ्रान्समधील नव्ह-शापेल हे गाव ला बासे या गावाच्या उत्तरेस सुमारे ५ किलोमीटरवर, सखल आणि चिकणमातीच्या शेतजमिनीत वसले आहे. थोडे खणताच पाणी लागत असल्याने पहिल्या महायुद्धात तेथे खंदकांऐवजी मातीचे बांध उभारावे लागत, आणि पूर्वेकडील ओबेरचा उंचवटा फारसा उंच नसूनही निर्णायक ठरला. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शीख पलटणीसोबत खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या २० व्या व २१ व्या कंपन्या या गावात शिरल्या आणि त्यांची अपरिमित हानी झाली. त्यांचा नेमका मार्ग मला आजच्या रस्त्यांवर दाखवायचा आहे.

ब्रिटिश खंदक-नकाशे मी पाहिले आहेत, परंतु ते बहुतांशी गाव उद्ध्वस्त झाल्यानंतरचे आहेत. १९२७ मध्ये अनावरण झालेले भारतीय स्मारक ज्या चौकात आहे, तो 'पोर्ट आर्थर' चौक एवढीच खात्रीची खूण हाती लागली. फ्रेंच मला जेमतेम वाचता येते आणि प्रत्यक्ष जाणे शक्य नाही.

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच जमीन-मोजणीचे नकाशे आजच्या नकाशावर बसवताना, चर्च आणि हा चौक यांखेरीज कोणत्या खुणा विश्वासार्ह मानाव्यात?