जोडफ्लॅटमधलं वायफाय: सोसायटी ग्रुपवरून

सी-७०३: नमस्कार मंडळी. ७०३ आणि ७०४ जोडून घेतल्यापासून घरात मेश वायफायचे तीन डबे आहेत (घरभर एकच नेटवर्क देणारे), टीपी-लिंकचे डेको एम४: एक मुख्य, दोन सॅटेलाइट म्हणजे सिग्नल पुढे नेणारे. हॉलमध्ये ३०० एमबीपीएसचा प्लॅन पूर्ण मिळतो. ७०४ च्या मागच्या खोलीत ४०-५० च्या वर जात नाही, डब्यावर दिवा मात्र हिरवागार. अजून एक सॅटेलाइट घेऊ का?

ए-२०१: नको हो काका, चौथा कशाला! एम४ ड्युअल बँड आहे, म्हणजे त्यात दोनच रेडिओ, डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा नाही. मधला डबा ज्या रेडिओवर मागून घेतो त्यावरच पुढेही देतो, म्हणून दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. वर तुमच्याकडे मधे आरसीसीची (सळ्या घातलेल्या काँक्रीटची) भिंत, ती सिग्नल अडवते. आहेत त्याच डब्यांना केबल द्या.

सी-७०३: वायरच टाकायची तर मेश कशाला घेतलं मग?

ए-२०१: वायर फक्त डब्यांपर्यंत. मोबाइल घेऊन घरभर फिरा, नेटवर्क तेच. डबे आपसात हवेतून न बोलता केबलवरून बोलतील, एवढंच.

बी-६०२: पाणी आज किती वाजता?

सेक्रेटरी: ६ ते ७. आणि ७०३, केबल जिन्याच्या डक्टमधून किंवा बाहेरच्या भिंतीवरून नको. रंगकाम आत्ताच झालंय. आरसीसीला होल तर अजिबात नाही.

बी-५०४: आतूनच होईल. मी केबल टीव्हीच्या जुन्या पाइपातून कॅट-६ (नेटची केबल) नेली. जुन्या वायरच्या टोकाला नवी घट्ट बांधायची आणि दुसरीकडून ओढायची. लाइटच्या वायरींबरोबर एका पाइपात घालू नका.

सी-७०३: वायरमन म्हणतो साधी चालेल.

ए-२०१: साधी म्हणजे कॅट-५ई (कॅट-६ च्या आधीची) असेल तर खरंच चालेल, १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट (१००० एमबीपीएस) जातं. पण शुद्ध तांब्याची मागा. स्वस्तातली बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते. आणि वायरमनच्या शेजारी उभे राहा: केबलच्या टोकाच्या पिनमध्ये आठही तारा क्रिंप झाल्या (दाबून बसल्या) पाहिजेत. चारच जोडल्या तरी नेट चालतं, पण १०० वर अडकतं, आणि मग सगळे कंपनीला शिव्या घालतात.

सी-७०३: दोन्ही सॅटेलाइटना वेगवेगळी केबल हॉलपर्यंत?

बी-५०४: तशी गरज नाही, साधा ५ पोर्टचा गिगाबिट स्विच घ्या, म्हणजे एका केबलच्या अनेक करणारा डबा. क्रम मात्र सांभाळा: इंटरनेट कंपनीचा डबा, मग मुख्य डेको, त्याच्यापुढे स्विच, स्विचमधून सॅटेलाइट. राउटर मोडमध्ये (नेटवर्क मुख्य डेको सांभाळतो तेव्हा) स्विच मुख्य डेकोच्या आधी लावलात तर गोंधळ. अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (नेटवर्क कंपनीचा डबा सांभाळतो, डेको फक्त वायफाय देतात) असाल तर कुठेही चालेल.

ए-२०१: पोर्टची काळजी नको, एम४ ची गिगाबिट आहेत. डेकोचंच ई४ मॉडेल असतं तर पोर्टच १०० ची, केबलचा बराचसा उपयोग वाया. लावून झाल्यावर ॲपमध्ये त्या डब्यासमोर इथरनेट (म्हणजे केबलने जोडलेलं) दिसतंय का बघा.

सी-७०३: आणि जुनी वायर पाइपात अडकली तर?

बी-५०४: टाल्कम पावडर चोळा, सरकते. जाता जाता केबलबरोबर एक नायलॉनची दोरीही ओढून ठेवा काका, पुढच्या वेळी वायरमन दुवा देईल.

सेक्रेटरी: ड्रिलचं काम २ ते ४ मध्ये नको.