पाण्याच्या करारासाठी सल्लागार नेमायचा आहे, खर्च कसा वाटावा?

नमस्कार मंडळी. आमची सहा गावं आणि शेजारची नगरपंचायत एकाच प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेवर आहेत. पुरवठ्याचा करार नव्याने करायचा आहे, पण मसुदा वाचून कुणालाच नीट उमगेना. धरणातल्या कच्च्या पाण्याचा दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं, तिथे घासाघीस नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: पंपिंगचं वीजबिल, शुद्धीकरण, आणि मुख्य जलवाहिनीतली गळती कुणाच्या माथी? मीटर गावाच्या वेशीवर बसणार की टाकीपाशी? किमान आकारणीचं कलम तर फारच जाचक वाटतं. पाणी आलं नाही तरी पैसे भरायचे.

म्हणून सगळ्यांनी मिळून एक जाणकार सल्लागार नेमायचं ठरलं, आणि गाडी फीवर अडली. लोकसंख्येवर वाटा काढला तर नगरपंचायत कुरकुर करते. समान वाटा धरला तर आमच्या शेवटच्या वाडीला तो झेपणार नाही, आणि तिथे उन्हाळ्यात टँकरच येतो हो. मला मंजूर पाणीकोट्याच्या प्रमाणात वाटणी योग्य वाटते, कारण करारातला पुरवठ्याचा दर कमी झाला तर फायदाही त्याच प्रमाणात होईल.

कुणी असं एकत्र केलंय का? पंधराव्या वित्त आयोगाच्या पाण्यासाठीच्या बंधित (ठरावीक कामांवरच खर्चता येणाऱ्या) निधीतून ही फी लेखापरीक्षणात चालली का? एखादं गाव मध्येच बाहेर पडलं तर काय केलंत? ठरावाचा नमुना असेल तर कृपया द्या. ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे.