वर्षभर ‘उजळवणारी’ ट्यूब लावली, बंद केली की चेहरा लाल होतो आणि आग होते. काय करावं?

परभणीकर
धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. वय २३. कॉलेजपासून गालांवर आणि हनुवटीवर मुरुमं येतात, बसली की काळे डाग मागे राहतात. मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली एक ट्यूब ती वर्षभर रोज रात्री पूर्ण चेहऱ्याला लावतेय. सुरुवातीला चेहरा एकदम उजळला, मुरुमंही गेली. आता दोन-तीन दिवस लावली नाही की चेहरा लालबुंद होतो, आग होते, बारीक पुरळ उठतं. पुन्हा लावली की शांत. ट्यूबवर मोमेटासोन ०.१%, हायड्रोक्विनोन २%, ट्रेटिनॉइन ०.०२५% असं लिहिलंय. एकदम बंद करायची की हळूहळू? मूळ मुरुमांवर काय लावायचं? डाव्या गालावर काही खड्डेही पडलेत, ते भरतात का?

औषधवाला
घटक लिहिलेत ते फार बरं केलंत. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे, सगळा घोळ त्याचा. या तिघांचं मिश्रण वांगासाठी असतं. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी असंच तीन औषधांचं सूत्र मांडलं, त्यात डेक्सामेथासोन होतं. ते डॉक्टरांच्या नजरेखाली, काही आठवड्यांपुरतं लावायचं. मुरुमांसाठी तर नाहीच, आणि गोरं होण्यासाठी मुळीच नाही.

स्टेरॉइडने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून लाली जाते. सूज दबते, म्हणून मुरुमं बसल्यासारखी वाटतात. पण वापर लांबला की त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि एकसारख्या आकाराचं पुरळ येतं. ट्यूब थांबवली की आकसलेल्या वाहिन्या एकदम फुगतात आणि दबलेली सूज उसळून येते. माणसाला वाटतं ट्यूबशिवाय आपलं भागत नाही, आणि तो परत तीच लावतो.

वर्षभराच्या वापरानंतर घरच्या घरी प्रयोग करू नका. त्वचारोगतज्ज्ञ एक तर ट्यूब पूर्ण थांबवतात, नाहीतर काही आठवडे १% हायड्रोकॉर्टिसोनसारख्या सौम्य स्टेरॉइड मलमावर उतरवतात. जोडीला टॅक्रोलिमस मलम (हे स्टेरॉइड नाही, पण सूज कमी करतं; पहिले काही दिवस तेही चुरचुरतं, घाबरू नये) आणि गरजेप्रमाणे डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या देतात. परभणीत सोय झाली नाही तर जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ‘त्वचा व गुप्तरोग’ ओपीडीत दाखवा. जाताना ट्यूब सोबत न्या, नुसतं ‘क्रीम लावत होते’ म्हटल्याने कळत नाही.

तोवर साबण बंद. सौम्य, बिनसुगंधी फेसवॉश दिवसातून दोनदा, साधं मॉइश्चरायझर तीन-चार वेळा. आग झाली की गार पाण्यात भिजवलेलं सुती फडकं दहा मिनिटं ठेवा. उन्हात जायचं असेल तर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. ब्लीच, वाफ, फेशियल, लिंबू, बेसन-हळदीचं घासणं यातलं काहीही नको. पहिले दोन आठवडे सगळ्यात त्रासाचे जातात, पूर्ण सावरायला काही महिने लागतात. हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर आठव्या दिवशी ट्यूब परत हातात येईल.

आणि अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय देणं चूकच आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये (फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायच्या औषधांच्या यादीत) घातली, तरी काउंटरवर अजून सर्रास मिळतात. ‘-सोन’, ‘-सोल’, ‘-सोलोन’ने संपणारं नाव ट्यूबवर दिसलं की थांबून विचारा.

सावली_नागपूर
मुरुमांबद्दल. आग आणि लाली पूर्ण बसेपर्यंत अॅडापॅलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड ही मुरुमांवर लावायची औषधं सुरू करू नका, पातळ झालेली त्वचा त्याने सोलवटते. सावरल्यावर डॉक्टरांच्या होकाराने साधारण असं करतात:

रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, वीस-तीस मिनिटांनी, अॅडापॅलीन ०.१% जेल. वाटाण्याच्या दाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला पुरतं. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटीवर ठिपके देऊन पसरायचं, डोळे आणि ओठांचे कोपरे सोडून. फक्त फोडावर टिकली लावून उपयोग नाही, कारण हे जेल नवीन फोड होऊ न देण्यासाठी आहे. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड, वरून मॉइश्चरायझर. सकाळी २.५% बेन्झॉइल पेरॉक्साइड. ५% पेक्षा हे कमी भाजतं आणि काम जवळपास तितकंच करतं. त्याने उशीचा अभ्रा आणि टॉवेलचा रंग उडतो, म्हणून पांढरे वापरा.

सुरुवातीला मुरुमं थोडी वाढल्यासारखी वाटतात. निकाल आठ ते बारा आठवड्यांनी बघायचा, बरेच लोक चौथ्या आठवड्यातच सोडून देतात. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जेल एकटं महिनोन्‌महिने लावू नका, जंतू दाद देईनासे होतात.

कपाळावर, छातीवर एकाच आकाराचं, खाजणारं बारीक पुरळ असेल तर ते बहुधा बुरशीचं. त्यावर मुरुमांची औषधं चालत नाहीत. आणि केसांना तेल चोपडून झोपत असेल तर कपाळाची मुरुमं हटणं कठीण.

परभणीकर
दोघांचेही आभार. तिची पाळी दोन-दोन महिने लांबते आणि हनुवटीवर थोडे राठ केस आहेत. त्याचा संबंध असेल का?

सावली_नागपूर
हो, पक्का विचारण्यासारखा प्रश्न आहे. लांबणारी पाळी, राठ केस आणि जबड्याच्या कडेची मुरुमं एकत्र असली की पीसीओएस (हार्मोन्स बिघडल्याने होणारा अंडाशयाचा विकार) तपासतात. स्त्रीरोगतज्ज्ञ रक्तातली हार्मोन्स आणि सोनोग्राफी सांगतील. ते असेल तर नुसत्या जेलवर मुरुमं परत परत येतात. गर्भधारणेचा विचार असेल तर तेही आधी सांगा. अॅडापॅलीन, डॉक्सिसायक्लिन तेव्हा टाळतात, आणि तीव्र मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर गरोदरपणात अजिबात चालत नाहीत. त्या बंद केल्यावरही महिनाभर गर्भ राहू द्यायचा नसतो.

कोथरूडकर
डाग आणि खड्डे वेगळे समजा. बोट फिरवून सपाट लागतो तो डाग, खोलगट लागतो तो खड्डा. तपकिरी डाग महिन्यांत आपोआप फिके होतात, मात्र सनस्क्रीन हवंच: दोन बोटं भरून, उन्हात दर दोन-तीन तासांनी. आपल्या सावळ्या त्वचेवर नुसत्या दृश्य प्रकाशानेही डाग गडद होतात, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी. डॉक्टर अॅझेलिक ॲसिडही देतात.

खड्डा कुठल्याही क्रीमने भरत नाही. अरुंद, टाचणी टोचल्यासारख्या खड्ड्यांत डॉक्टर टीसीए हे तीव्र आम्ल थेंबाथेंबाने लावतात. रुंद आणि लाटेसारखे असतील तर सुईने खालचे धागे सोडवतात, जोडीला मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेसर (त्वचेवर ठिपक्याठिपक्यांनी सोडलेलं लेसर), महिन्याच्या अंतराने चार-सहा वेळा. खोली कमी होते, त्वचा गुळगुळीत होत नाही. जो शंभर टक्क्यांची हमी देईल त्याला पैसे देऊ नका. आणि ऑनलाइन मिळणारा डर्मा रोलर (बारीक सुयांचं चाक) घरी फिरवायचा नाही. मुरुमं चालू असताना तर जंतूच चेहराभर पसरतात.

स्टेरॉइडने पातळ झालेल्या त्वचेवर यातलं काहीही लगेच करत नाहीत. नवीन मुरुमं थांबून काही महिने झाले की मग.