कॅरम अवघड करायचा तर पॉकेटे लहान करावीत का?

गिरगावकर यांचा प्रश्न:

आमच्या चाळीच्या सामाईक गॅलरीत रोज संध्याकाळी कॅरमचा डाव मांडला जातो. बोर्ड माझ्या वडिलांच्या काळातला, सागवानी चौकटीचा आहे. अलीकडे माझा कॉलेजात जाणारा भाचा इतका तयार झाला आहे की, ब्रेक, म्हणजे पहिला फटका, त्याच्या हाती आला तर बाकीच्यांची पाळी येईपर्यंत पाटावर त्याच्या दोन-तीन सोंगट्याच उरलेल्या असतात, आणि राणी तर कव्हरसकट (तिच्या पाठोपाठ घ्यावी लागणाऱ्या आपल्या सोंगटीसकट) केव्हाच गेलेली असते. साहजिकच इतरांचा रस ओसरू लागला आहे. ओळखीचे एक सुतार चारही पॉकेटांत लाकडी कडी बसवून त्यांचा व्यास चार सेंटिमीटरच्या आत आणून देण्यास तयार आहेत. असे केल्याने खेळ खरोखर अवघड होईल का, की बोर्ड हकनाक वाया जाईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त पंच यांचे उत्तर:

सुतारांना तूर्त थांबवावे. प्रमाणित पॉकेटाचा व्यास 4.45 सेंटिमीटर असतो आणि स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त 4.13 सेंटिमीटर. आपण सांगता तेवढे पॉकेट लहान केले, तर जेमतेम तीन सेंटिमीटरची सोंगटी त्यात जाईल, पण पूर्ण मापाचा स्ट्रायकर मात्र तोंडाशीच अडकून राहील. म्हणजे स्ट्रायकर आत जाऊन फाउल होण्याची आणि दंड म्हणून जिंकलेली सोंगटी परत ठेवण्याची भीतीच संपली. सरळ फटका मारताना चांगल्या खेळाडूचा हात ज्या एका धास्तीने आवरला जातो, तीच काढून टाकल्यावर आपला भाचा पूर्ण ताकदीने मारू लागेल, आणि खेळ अवघड होण्याऐवजी त्याच्यापुरता सोपाच होईल. शिवाय कडीची कड पाटापेक्षा नखभर जरी वर राहिली, तरी सोंगटी तिथे ठेचकाळून परत येईल, आणि त्यात कौशल्याचा काही संबंध नाही.

आधी आपल्या बोर्डाचे पॉकेट मोजून पाहावे. जुने किंवा स्वस्त बोर्ड पुष्कळदा सढळ मापाचे असतात. माप 4.6 सेंटिमीटरच्या वर निघाले, तर ते 4.45 पर्यंत आणून घेण्यास माझी हरकत नाही, त्याखाली मात्र जाऊ नये.

काठिण्य नियमांतून आणावे, असे माझे मत आहे. घरगुती खेळात आपण बरीच ढिलाई करतो. स्ट्रायकर दोन्ही बेसलाइनींना (खेळाडूसमोरच्या दोन समांतर रेषांना) टेकलाच पाहिजे, आणि टोकाच्या लाल वर्तुळावर ठेवायचा असेल तर ते पूर्ण झाकले गेले पाहिजे, अर्धवट शिवलेले चालणार नाही. एवढे दोन नियम काटेकोरपणे पाळले, तरी निम्म्या सोयीच्या जागा बंद होतात. त्यावर प्रत्येक फटक्याला पंधरा सेकंदांची मुदत ठेवावी.

लालबागची आत्या यांचे उत्तर:

पंचांचे म्हणणे रास्त आहे, पण पाटाकडे दुर्लक्ष नको. मुंबईच्या पावसाळ्यात प्लायवूड ओल धरते, पावडरीच्या गुठळ्या होतात आणि सोंगटी अर्ध्या वाटेत थांबते. अशा मंद पाटावर जोराचा अंदाज चुकला तरी खपून जातो. गुळगुळीत पाटावर तोच फटका स्ट्रायकरला थेट समोरच्या पॉकेटात नेतो. प्रमाणित बोर्डावर 15 ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने मारला, तर तो समोरासमोरच्या चौकटींमध्ये साडेतीन वेळा ये-जा करतो, ही कसोटी घरी करून पाहण्यासारखी आहे. आमच्याकडे पूर्वी पाटावर शंभर वॅटचा पिवळा दिवा टांगलेला असे व त्याच्या उबेने पावडर कोरडी राही. एलईडी आल्यापासून उजेड भरपूर झाला, पण ती ऊब गेली. (वीजबिल कमी झाले, हे मात्र कबूल केले पाहिजे.)

भाच्याला बांधायचेच असेल, तर त्याने शेवटच्या तीन सोंगट्या समोरच्या चौकटीवरून रिबाउंडनेच घ्याव्यात, असे ठरवून टाका. आमच्या घरी तरबेज खेळाडूवर हेच बंधन असते आणि त्याबद्दल आजवर कोणी रुसलेले नाही.

गिरगावकर यांचा प्रतिसाद:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पॉकेटे मोजली. तीन पॉकेटे साडेचार सेंटिमीटरच्या आसपास निघाली, चौथे मात्र कड झिजल्यामुळे 4.8 भरले, आणि भाचा आपले बहुतेक कट (सोंगटीला कडेने लागणारे फटके) नेमके त्याच कोपऱ्यात का मारतो, याचा उलगडा आम्हां सर्वांना एकदमच झाला. सुतार आता तेवढीच एक कड दुरुस्त करणार आहेत. काल रिबाउंडच्या अटीवर पहिला डाव झाला. भाच्याच्या शेवटच्या दोन सोंगट्या बराच वेळ पाटावरच फिरत राहिल्या, आणि तेवढ्यात वडिलांनी राणी कव्हर करून डाव जिंकला. आता पाटावर टांगण्यासाठी पिवळा दिवा शोधत आहे. तो गिरगावात किंवा विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, अजून मिळत असेल, तर कृपया कळवावे.