एनिग्माइतकंच श्रेय वॉकरचंही
दुसऱ्या महायुद्धात एनिग्मा हे जर्मनांचं सांकेतिक यंत्र फुटलं नसतं, म्हणजे त्यातले संदेश ब्रिटिशांना उलगडले नसते, तर यू-बोटी (जर्मन पाणबुड्या) हरल्याच नसत्या, असं म्हटलं जातं. हे मत मला अर्धंच पटतं. सांकेतिक संदेशांवरून बोट साधारण कुठे आहे ते कळायचं, बुडवायची मात्र जहाजावरच्या माणसांनीच. त्यात ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन फ्रेडरिक जॉन वॉकरचं नाव यायलाच हवं. जहाज पाणबुडीच्या अगदी जवळ गेलं की ॲस्डिकचा (ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा) संपर्क तुटायचा, आणि वेगाने येणाऱ्या जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकून जर्मन कप्तान वळून निसटायचा. वॉकरने दोन जहाजं लावली. एक मागे राहून संपर्क धरून ठेवी. दुसरं ॲस्डिक बंद ठेवून संथपणे बोटीच्या डोक्यावर जाई आणि पहिल्याचा इशारा आला की डेप्थ चार्ज (पाण्याखाली ठरलेल्या खोलीवर फुटणारे बॉम्ब) सोडी. खाली चाहूलही लागत नसे!

आणि युद्धाआधी याच माणसाला कॅप्टनपदाच्या बढतीतून वगळलं होतं. ती मिळाली १९४२ मध्ये, एचजी ७६ या व्यापारी जहाजांच्या काफिल्याच्या रक्षणासाठी झालेल्या लढाईनंतर.