मदत हवी आहे: स्की जंपिंगची गुणपद्धत समजणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. यान्ने आहोनेन या फिनलंडच्या स्की जंपरवर (म्हणजे पायांना स्की बांधून बर्फाच्या टेकडीच्या उतारावरून लांब उडी मारणाऱ्या खेळाडूवर) मुलांसाठी लेख लिहितेय, आणि गुणांपाशी गाडी अडलीय.

गडी लाहतीचा. वर्ल्ड कपच्या 36 स्पर्धा जिंकल्या, फोर हिल्स टूर्नामेंट (जर्मनी-ऑस्ट्रियातल्या चार टेकड्यांवरची स्पर्धा) 5 वेळा. 1994 ते 2018 अशी 7 ऑलिंपिक खेळला, पण वैयक्तिक पदक एकही नाही! सांघिक रौप्य तेवढी दोन. त्यातलं 2002 चं तर जिव्हारी लागणारं: जर्मनी 974.1, फिनलंड 974.0. चार जणांच्या आठ उड्या, आणि सुवर्ण हुकलं 0.1 गुणाने.

मला कळलंय ते असं: ठरावीक अंतराला 60 गुण, मोठ्या टेकडीवर पुढच्या प्रत्येक मीटरला 1.8. शिवाय पाच पंच शैलीचे गुण देतात, त्यातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सोडून देतात. बरोबर ना?

खरी अडचण पुढे आहे. 2005 मध्ये स्लोव्हेनियातल्या प्लानित्सात तो 240 मीटर गेला, पण उतरताना आपटला. विक्रम मात्र त्याच दिवशी 239 मीटर गेलेल्या नॉर्वेच्या रोमोरेनचा धरला गेला. मग पडलेल्या उडीच्या अंतराचे गुण मिळतात, की फक्त शैलीचे कापतात?

आणि एक पाय पुढे, गुडघे वाकवून उतरतात त्या 'टेलेमार्क'ला मराठीत काय म्हणावं? 'लंगडी' सुचलं होतं, पण दोन्ही पाय जमिनीवर असताना लंगडी कसली!

युरोपात राहणाऱ्यांपैकी कुणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर जरूर लिहा.