ऑक्टेव्हिया आरएस आणि आपले रस्ते: १९ इंची चाकं चोर्ल्यात टिकतील का?

शहापूरकर_टर्नर विचारतात:

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरात राहतो. उद्यमबागेत आमचं मशिन शॉप आहे, हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड आणि पिस्टन करतो. गाड्यांचं वेड कॉलेजपासूनचं.

स्कोडाची नवी ऑक्टेव्हिया आरएस १७ ऑक्टोबर २०२५ ला आपल्याकडे आली. एक्स-शोरूम ४९.९९ लाख, पूर्ण बाहेरून बनून आलेली, आणि अख्ख्या देशाला फक्त १०० गाड्या. बुकिंग ६ ऑक्टोबरला उघडलं आणि किंमत जाहीर व्हायच्या आधीच सगळ्या गेल्या. मला मिळाली नाही. आता पुण्यातले एक ओळखीचे गृहस्थ आपली गाडी द्यायला तयार झालेत, कारण त्यांना परदेशी जायचंय. दुसरीकडे कोल्हापुरात एक जुनी आरएस २४५ विकायला आहे. तीही २०२० ला २०० च आलेल्या, तेव्हाची किंमत ३५.९९ लाख. दोन्हींत मन अडकलंय.

नव्या गाडीचं इंजिन दोन लिटर टर्बो पेट्रोल, २६५ पीएस, ३७० न्यूटन मीटर, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शून्य ते शंभर ६.४ सेकंदांत. हे सगळं वाचून पाठ झालंय, खरं मला अडवतोय तो टायर. २२५/४० आर १९, म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, रबराची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १९ इंची. कागदावर मांडून बघितलो, तर रिमपासून रस्त्यापर्यंत रबर फक्त ९० मिलिमीटर. बायकोच्या स्लाव्हियाला २०५/५५ आर १६ आहेत, तिथं हेच ११३ येतं. वर सस्पेन्शन साध्या ऑक्टेव्हियापेक्षा १५ मिलिमीटर खाली.

आमचं कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. आई-आप्पांना घेऊन जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करत गोव्यात फोंड्याला जाणं ठरलेलं. पावसाळा सरल्यावर तो रस्ता कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको.

तर विचारायचंय ते असं. ह्या चाकांवर ह्या रस्त्याला घरची माणसं घेऊन जाता येईल का? आणि आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट म्हणतात, तर त्या लोखंडात रॅलीचं खरोखर काय आहे? मी रोज मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस, मला स्टिकर नको, पार्ट सांगा. तिसरं, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंग केली तर टॅक्स किती बसेल?

जांबोटी_नाका:

दादा, मी ह्या रस्त्यावर वर्षभर असतो, माझी मालाची पिकअप आहे. गोव्याच्या हद्दीतला घाट वळणावळणाचा आहे, खरं तिथं चाक फुटत नाही. फुटतं ते जांबोटीच्या अलीकडं-पलीकडं, जिथं डांबराची कड तुटलेली असते. समोरून बस आली की उजवीकडं जागा नसते, डावं चाक खाली उतरवावंच लागतं, आणि त्या कडेलाच रिम वाकतं. आई-आप्पांना न्यायचं तर आंबोलीवरनं सावंतवाडी करून उतरा. लांब पडतंय, खरं कंबर शाबूत राहते.

जुना_सर्व्हिस_क्रू:

शहापूरकर, तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला, म्हणून आधी त्यालाच हात घालतो. मी जिप्सी, एस्टीम आणि नंतर सेडियाच्या दिवसांत एका खासगी रॅली टीमच्या सर्व्हिसला होतो. चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतल्या रस्त्यांवर रात्र-रात्र गाडीखाली पडून काढल्यात.

नावाचा इतिहास खरा आहे. स्कोडाने १९७४ ला १८० आरएस आणि २०० आरएस ह्या रॅलीसाठीच्या गाड्या केल्या. त्यानंतरच्या १३० आरएसने १९७७ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत १३०० सीसीपर्यंतचा वर्ग जिंकला. १९९९ ते २००३ ऑक्टेव्हिया स्वतः जागतिक रॅलीत होती, आणि २००१ च्या सफारी रॅलीत आर्मिन श्वार्ट्झने ती तिसरी आणली. केनियातले ते रस्ते, खड्डे आणि लाल धुरळा! त्या निकालाचा मला आजही अभिमान वाटतो. आपल्याकडचं नातंही आहे. गौरव गिलने एमआरएफच्या टीमकडून स्कोडा फाबियावरच आशिया-पॅसिफिक रॅलीचं विजेतेपद २०१३, २०१६ आणि २०१७ ला घेतलं.

आता पार्टचं. मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन (इव्हो) आणि सुबारूची इम्प्रेझा आल्या त्या काळात जागतिक रॅलीत ग्रुप ए चा नियम होता, रॅलीत उतरवायची ती गाडी २५०० तरी बनवून लोकांना विकायची. म्हणून इव्होचं चारचाकी ड्राइव्ह, टर्बो, इंटरकूलर हे शोरूमच्या गाडीतच असायचं. १९९७ पासून वर्ल्ड रॅली कारचा नियम आला आणि ती सक्ती सैल झाली. ऑक्टेव्हियाची रॅलीची गाडी चारही चाकांवर ओढायची, शोरूमची आरएस पुढच्या दोनच चाकांवर ओढते. म्हणजे पार्ट नंबर जुळवायला गेलात तर रॅलीचं काही हाती लागणार नाही.

खरं एक वस्तू अशी आहे की ती बघून तुम्हाला आनंद होईल, कारण ती तुमच्याच धंद्यातली आहे. पुढच्या डिफरन्शियलला, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीला, लागून एक मल्टिप्लेट क्लच बसवलेला असतो. इलेक्ट्रिक मोटर छोटा पंप फिरवते, तेलाचा दाब पिस्टनवर येतो, पिस्टन प्लेटा आवळतो. वळणात जोरात ॲक्सिलरेटर दिला की साध्या गाडीत आतल्या बाजूचं हलकं झालेलं चाक नुसतं फिरतं आणि गाडीचं नाक बाहेर पळतं. इथं प्लेटा आवळल्या की टॉर्क बाहेरच्या, भार असलेल्या चाकाकडं जातो. बाकीच्या गाड्यांत हेच काम आतल्या चाकाला ब्रेक लावून करतात, त्यात पॅड तापतात आणि ताकद वाया जाते. चोर्ल्याच्या ओल्या हेअरपिनला चढताना हा फरक स्टिअरिंगवर हातालाच कळतो. पुढच्या दोन चाकांवर एवढी ताकद रस्त्यावर उतरवायची तर ही गोष्ट हवीच. रॅलीतून आलेलं शहाणपण म्हणाल तर ते इथं आहे, पन्नास लाखांतलं माझ्या मते सगळ्यात चांगलं खर्चलेलं लोखंड.

आता चाकं. जागतिक रॅलीतल्या गाड्या डांबरावर १८ इंची रिम लावतात, टायर २३५/४० आर १८. त्याच गाड्या मातीच्या रस्त्यावर उतरल्या की १५ इंची रिम, टायर २०५/६५ आर १५. रबराची उंची १३३ मिलिमीटर. जगातले सर्वांत पट्टीचे ड्रायव्हर खड्ड्यात जाताना रिम लहान करतात आणि रबर वाढवतात. आपला जांबोटी रस्ता ऑक्टोबरात डांबरात मोडत नाही, मातीतच मोडतो. तेव्हा १९ इंची चाकं काढून घरात ठेवा आणि १८ इंचीवर २२५/४५ घाला. मूळ टायरचा एकूण व्यास ६६२.६ मिलिमीटर, ह्याचा ६५९.७. तीन मिलिमीटरच्या आत, त्यामुळं स्पीडोमीटर बिघडत नाही, आणि रबर मिळतं १०१. अकरा मिलिमीटर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रिम घेताना ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतं ते) आणि ब्रेकच्या कॅलिपरची जागा मात्र स्वतः मोजा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. हवा रोज थंड टायरवर बघा. कमी हवेचा लो प्रोफाइल टायर एका खड्ड्यात साइडवॉलला फुगतो.

निपाणी_तंबाखू:

टॅक्सचं मी सांगतो. कर्नाटकात २० लाखांच्या वरच्या गाडीला १८ टक्के लाइफटाइम टॅक्स, त्या टॅक्सवर ११ टक्के सेस. पन्नास लाखांच्या नव्या गाडीला साधारण दहा लाख धरा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला २० लाखांच्या वर १३ टक्के, म्हणजे साडेसहाच्या आसपास. हा साडेतीन लाखांचा फरक बघून आमच्या भागात कितीतरी लोक कोल्हापूरच्या पाहुण्याच्या पत्त्यावर एमएच-०९ करून घेतात. तुम्ही करू नका असं मी कळकळीनं सांगतो. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांच्या वर इथं ठेवली की नोंदणी बदलावीच लागते. असली उठून दिसणारी गाडी प्रत्येक नाक्यावर थांबवली जाते, आणि आपल्या भागात नंबर प्लेटवरनं नको ते बोलणंही ऐकावं लागतं. तुमची गाडी जुनी असणार, त्यामुळं वयाप्रमाणं टॅक्स कमी होतो. पुण्याहून एनओसी घ्या, इथं टॅक्स भरा, आणि तिकडच्या उरलेल्या टॅक्सचा परतावा मागा. कागदपत्रांना वेळ लागतो, तेवढा धरून चला.

यमकनमर्डी_ऊस:

माझं एकच सांगणं. शांतादुर्गेला दिवसा जाता, ठीक. खरं ही गाडी घेऊन हायवेला रात्री निघणार असाल तर गाळपाचे महिने लक्षात ठेवा. हत्तरगी, संकेश्वर, निपाणी ह्या पट्ट्यात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून चालतात. मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या मोळीखाली झाकलेला असतो, आणि वेग बैलगाडीला थोडा जास्त. आमच्या शेताजवळ एका मोठ्या गाडीची पुढची बाजू ट्रॉलीखाली गेलेली मी डोळ्यानं बघितलोय. शंभरला सहा सेकंदांत पोचणाऱ्या गाडीत तुमच्या हेडलाइटच्या पुढची जागा फार लवकर संपते. रात्री ऐंशीच्या वर जाऊ नका, हात जोडून सांगतो. आणि आमच्या ट्रॅक्टरवाल्यांना मी प्रत्येक हंगामात मागं लाल पट्टी लावायला सांगतो, तुम्हीही आपल्या गावात सांगा.

शहापूरकर_टर्नर:

मंडळी, मनापासून आभार. क्लचवाल्या डिफरन्शियलचं वाचून रात्री झोप लागली नाही. पिस्टन सील कुठल्या मटेरियलचं असेल ह्याचाच विचार डोक्यात. आप्पांना वाचून दाखवलो, त्यांनाही पटलं.

सगळा हिशेब मांडला तर पुण्याची गाडी टॅक्स, रिम, टायर धरून हाताबाहेर जाते. शॉपमध्ये नवं सीएनसी घ्यायचंय, त्याचा पैसा मोडायचा नाही. म्हणून मन आता कोल्हापूरच्या आरएस २४५ कडं वळलंय. टॉर्क तोच ३७०, ताकद २० पीएस कमी, एवढंच. येत्या रविवारी बघायला जातोय. काका, काय काय तपासू?

जुना_सर्व्हिस_क्रू:

चांगला विचार केलात. ह्या गाडीतला डीएसजी तेलातल्या क्लचचा आहे, मजबूत आहे, खरं तेल आणि फिल्टर वेळेवर बदललेलं पाहिजे. त्याचं बिल मागा, नुसत्या शब्दावर विश्वास ठेवू नका. इसीयू रिमॅप केलाय का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललंय का, ते सरळ विचारा, आणि स्कॅनर लावून बघा. रिमॅप करून परत मूळ सॉफ्टवेअर टाकलेल्या गाड्या बाजारात आहेत, त्यांचे क्लच जास्त दमलेले असतात. चारही रिम आतल्या बाजूनं बघा, वाकलेलं रिम बाहेरनं दिसत नाही. जॅकवर घेऊन लोअर आर्मचे बुश पाहारीनं हलवून बघा. टायरवर बनल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, चारही वेगळे निघाले तर का ते विचारा.

आणि विकणाऱ्याला म्हणावं, गाडी निपाणीपर्यंत आणा. चाचणी तवंदी घाटात घ्या, चढ आणि उतार दोन्ही, एसी चालू ठेवून आणि गाडीत चार माणसं बसवून. उतारावर दुसऱ्या गिअरला सोडून परत हळूच ॲक्सिलरेटर दिला की धक्का बसतो का ते बघा. सपाट हायवेवर ती खोड कळत नाही.